महाडच्या इंग्रजी शाळेचं दार

१९१४ च्या सुमाराची गोष्ट. महाड तालुक्यातला एक अकरा वर्षांचा मुलगा अलिबागला जाऊन स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसला आणि पास झाला. मराठी शाळा संपली होती. पुढे इंग्रजी शिकायचं तर शाळा होती महाडात. त्या शाळेनं प्रवेश नाकारला. मुलगा महार होता, कारण तेवढंच. त्यानं तक्रारीचं पत्र लिहिलं. पत्र वर्तमानपत्रात छापून आलं, बोभाटा झाला आणि शाळेला त्याला घ्यावं लागलं. घेतलं, पण बरोबरीनं बसू दिलं नाही.

हा मुलगा म्हणजे रामचंद्र बाबाजी मोरे, पुढचे कॉम्रेड आर. बी. मोरे. जन्म १९०३ चा, लाडवलीचा. महाडला परिषद भरवावी आणि तिला बाबासाहेब आंबेडकरांना आणावं यासाठी ज्यांनी खटपट केली, त्यांत मोरे अगदी पुढे होते. चवदार तळ्याची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. हे पत्र मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

जातीचा भाग तर उघडच आहे. पण या प्रसंगात मला आणखी एक प्रश्न पडतो. त्या बंद दाराआड नेमकं शिकवत काय होते? अकरा वर्षांच्या पोरानं भांडून आत जावं आणि आतल्यांनी दार लावून घ्यावं, असं त्या वर्गात होतं काय? इंग्रजी, हे झालं ढोबळ उत्तर. इंग्रजी म्हणजे तेव्हा आजच्यासारखं बोलायचं इंग्रजी नव्हतं. मुलाखतीत चार वाक्यं धडाधड यावीत, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता यावं, असा त्याचा हेतू नव्हता. वर्गात वाचल्या जायच्या गोष्टी, बोधकथा, कविता, निबंध आणि वर जाता जाता शेक्सपिअर. इंग्रजी भाषा शिकवायचं साधन म्हणजे इंग्रजी साहित्य. दुसरं साधन कुणाला फारसं सुचलंच नव्हतं.

नकाशा थोडा समोर ठेवूया. सावित्री नदी महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते आणि महाडपाशी येईपर्यंत खाडीचं रूप घ्यायला लागते. महाड हे जुनं बंदर. नदीच्या काठानं सव, जिथले गरम पाण्याचे झरे प्रसिद्ध आहेत. खाली दासगाव. रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाडवली आणि नाते. या सगळ्या गावांतली पोरं चौथीपर्यंत मराठी शिकायची. ज्याला पुढे जायचं आणि ज्याला जाऊ दिलं जायचं, तो ‘इंग्रजी पहिली’त बसायचा. इंग्रजी सात इयत्ता, मग मॅट्रिक. वरच्या इयत्तांत गणितही इंग्रजीतून आणि इतिहासही इंग्रजीतून. संस्कृतसुद्धा. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शाळकरी मुलांसाठी संस्कृतची जी प्रसिद्ध पुस्तकं लिहिली, ती इंग्रजीतून लिहिली. कोकणातल्या ब्राह्मणाच्या घरी परंपरेनं चालत आलेली भाषासुद्धा शाळेत इंग्रजीच्या दारातूनच आत यायची, ही गंमत आहे.

हे साहित्य वर्गात आलं कसं, यामागे एक मजेशीर कोडं आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला २१ जण पास झाले, त्यांत महादेव गोविंद रानडे होते. या मुलांना इंग्रजी ग्रंथांवर परीक्षा द्यावी लागे. पण खुद्द इंग्लंडात ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्य हा पदवीचा स्वतंत्र विषय झाला १८९४ साली, आणि केंब्रिजला १९१७ साली. साहेबाच्या देशात हा विषय ‘यात शिकवायचं काय, ते तर घरी वाचतात’ म्हणून बाहेर उभा होता, तेव्हा पुण्या-मुंबईत त्याच्यावर पोरं नापास होत होती! गौरी विश्वनाथन यांनी १९८९ साली यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारला हिंदुस्थानात उघडउघड बायबल शिकवायचं नव्हतं, लोक बिथरतील म्हणून. पण प्रजेला नीती शिकवायची होती, आज्ञाधारक करायचं होतं. मग बायबलचं काम साहित्यावर सोपवलं गेलं. मिल्टन वाचतील, ॲडिसन वाचतील आणि हळूहळू आपल्यासारखे होतील.

मुंबई इलाख्यात हे काम कारकुनी शिस्तीनं झालं. शिक्षण खात्याचे डायरेक्टर हॉवर्ड यांच्या नावाची इंग्रजी वाचनाची पुस्तकं इलाखाभर चालली. पुढे दुसऱ्या मालिका आल्या. लॅम्ब भावंडांनी शेक्सपिअरच्या नाटकांच्या सोप्या गोष्टी केल्या होत्या, पालग्रेव्हनं कवितांचा एक निवडक खजिना काढला होता. अशी पुस्तकं हिंदुस्थानभरच्या शाळांत फिरली. मास्तर वाचून दाखवायचे, शब्दाला मराठी शब्द द्यायचे, वाक्याचं पृथक्करण करून घ्यायचे, कवितेचा गद्य अर्थ लिहायला लावायचे. आणि घोकंपट्टी. ज्यानं कधी डॅफोडिलचं फूल पाहिलं नाही, त्यानं त्याच्यावरची कविता पाठ म्हणायची. शेताच्या बांधावर भारंगी फुललेली असली तरी तिला पुस्तकात जागा नव्हती.

याच काळातली एक नोंद महाडच्या गोष्टीशी थेट जोडलेली आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्यानं सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारनं उत्तर दिलं ते असं की, एकासाठी बाकीच्यांना दुखवता येणार नाही. पुढे सरकारी खर्चाच्या शाळा सगळ्यांना खुल्या, हे धोरण कागदावर आलं. कागद मुंबईत, दार महाडात. मधल्या साठ वर्षांत कागद दारापर्यंत पोचला नव्हता, हे मोऱ्यांच्या पत्रानं दाखवून दिलं. माणुसकीचे धडे देणारं साहित्य ज्या खात्यानं पोरांच्या हाती ठेवलं, त्याच खात्याला एका पोराला बाकावर बसवणं जमत नव्हतं. ही विसंगती कुणी मुद्दाम शोधून काढायची गरज नाही. एकाच दप्तरात दोन्ही कागद सापडतात.

आता महाड परिसरातलीच दोन मुलं पाहू, ज्यांना दार उघडं मिळालं.

पहिले शिवराम महादेव परांजपे. जन्म महाडचा, १८६४ चा. पुढे ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात गेले. ही शाळा १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि मंडळींनी काढलेली. चिपळूणकर आधी सरकारी शाळांत शिकवायचे. इंग्रजीच्या व्यासंगानं पुरते भारलेले आणि इंग्रजांवर मनापासून चिडलेले, असे ते गृहस्थ होते. वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेलं जॉन्सनच्या ‘रासेलस’चं भाषांतर त्यांनी पुरं केलं. निबंधमालेत जॉन्सनवर लिहिलं. मराठी निबंध ज्या डौलात उभा राहिला, तो डौल त्यांनी इंग्रजी निबंधकारांच्या शाळेत कमावला होता. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणण्याचं श्रेय लोक त्यांनाच देतात. वाघीण पाळलेली नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

परांजपे १८८४ साली मॅट्रिक झाले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून. १८९८ साली त्यांनी ‘काळ’ काढलं. ‘काळ’मधल्या लेखांची खासियत म्हणजे वक्रोक्ती. सरकारची स्तुती चालली आहे असं वाटावं आणि वाचणाऱ्याला हसू फुटावं, संतापही यावा. सरकारी भाषांतरकारांची या लेखांनी केवढी पंचाईत केली असेल! शब्दाला शब्द ठेवला तर स्तुती, अर्थाला अर्थ ठेवला तर राजद्रोह. शेवटी १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली. त्याआधी त्यांनी ‘मॅकबेथ’चं मराठी रूपांतर केलं होतं, ‘मानाजीराव’ नावानं. सत्तेसाठी राजाचा खून करणाऱ्या माणसाचं हे नाटक. आज्ञाधारक प्रजा घडवायला आणलेल्या पुस्तकांतून महाडच्या पोरानं हे नाटक उचललं.

ते एकटे नव्हते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’. केशवसुतांनी इंग्रजी सॉनेट वाचलं आणि मराठीत १४ ओळींची कविता आणली. वर्गात जे घोकायला लावलं ते वर्गाबाहेर येऊन मराठी झालं. इंग्रजीच्या तासाचं सगळ्यात मोठं फळ इंग्रजीत नव्हतंच. शाळा तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टरला हे कुठल्या रकान्यात भरावं, कळलं नसतं.

दुसरे चिंतामण द्वारकानाथ देशमुख. जन्म १८९६ चा, नात्याचा. सुरुवातीचं शिक्षण रोहे-तळे भागात, मग मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूल. १९१२ च्या मॅट्रिकला इलाख्यात पहिले. पुढे केंब्रिज, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री. आणि एवढं सगळं करून ‘मेघदूता’चं मराठी पद्यात भाषांतर. हुशारीबद्दल वादच नाही. पण तारखा शेजारी ठेवून पाहा. नात्यात जन्मलेला मुलगा १९१२ साली मॅट्रिकला पहिला येतो. त्याच रस्त्यावरच्या लाडवलीत जन्मलेल्या मुलाला साधारण दोन वर्षांनी इंग्रजी पहिलीत बसण्यासाठी वर्तमानपत्रात पत्र छापून यावं लागतं. मोऱ्यांनीही परीक्षा पास केली होती. दोघांच्या हुशारीची तुलना करायला आपल्याकडे काही साधन नाही, कारण तुलनेसाठी दोघांना एकाच बाकावर बसू द्यावं लागतं.

मोऱ्यांच्या आधीही या भागात अक्षर पोचलेलं होतं, हे सांगायला हवं. नाहीतर पत्र लिहिणारा मुलगा आकाशातून पडल्यासारखा वाटेल. कोकणातले महार मोठ्या संख्येनं इंग्रजांच्या बॉम्बे आर्मीत होते. पलटणीत सैनिकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा चालायच्या. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर असेच लष्करातून १८८६ साली निवृत्त झाले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून धर्ममार्तंडांना जाहीर प्रश्न विचारले. १८९५ साली त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं, तेव्हाही गावानं बोंब मारलीच. सरकारनं महारांची लष्करभरती थांबवली आणि त्याबरोबर शिक्षणाची ती वाटही आटली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या भाषणात बाबासाहेब याच पेन्शनरांच्या काळाची आठवण काढतात आणि भरती बंद झाल्यानं समाज कसा मागे पडला ते सांगतात.

बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी, लष्करी शाळेतलेच मास्तर. मुलाचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून त्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पुस्तकं त्याच्याकडून अक्षरशः पाठ करून घेतली. तर्खडकर माहीत नसतील तर आजोबांना विचारा. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी. इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी. पानंच्या पानं. यात साहित्य औषधालाही नाही. एका वाक्यात राजा, दुसऱ्यात माळ्याची बायको, तिसऱ्यात कुणाचा तरी हरवलेला घोडा, आणि घोडा सापडला का ते पुढच्या वाक्यात कधीच कळत नाही. माझं मत असं की, या कवायतीला हसण्यात अर्थ नाही. मराठी शब्दाच्या तोडीचा इंग्रजी शब्द नेमका कुठला, हे डोक्यात बसवायला तिच्यासारखी दुसरी गोष्ट नव्हती. शिवाय ती घरी करता यायची. वर्गात जागा नसली, मास्तर तुमच्या वहीला हात लावत नसला, तरी तर्खडकर तुमच्याशी बोलायचे. पण तर्खडकरांवर थांबला असता तर तो मुलगा उत्तम कारकून झाला असता. त्याला पुढे पुस्तकं भेटली. अभ्यासाबाहेरची, ढिगानं.

आणि मग १९२७ चा डिसेंबर. मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी पिऊन झालं होतं. त्यावरून मार खाऊन झाला होता. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं असल्याचा ठराव केला होता आणि त्याच्या मुळाशी होता १९२३ चा बोले ठराव. या बोले ठरावाची आपण पाण्यापुरतीच आठवण काढतो. त्यात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. तळं आणि शाळा एकाच वाक्यात. मोऱ्यांसाठी तर ते आयुष्यातही एकाच वाक्यात होतं.

२५ डिसेंबरला बाबासाहेबांनी महाडच्या मांडवात भाषण केलं. मराठीत. आणि त्यांनी त्या सभेची तुलना केली फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेशी. समोर बसलेले लोक पोलादपूरच्या डोंगरातून, खाडीकाठच्या गावांतून, मुंबईच्या चाळींतून आलेले. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना व्हर्सायची सभा सांगितली गेली; तिथल्या लोकांनी काय मागितलं आणि आपण काय मागतो आहोत ते सांगितलं गेलं. त्याच संध्याकाळी मनुस्मृती जाळली. शिकवणीच्या भाषेत बोलायचं तर परकी भाषा आणि तिच्यातला मजकूर पुरता पचल्याची याहून मोठी परीक्षा मला तरी माहीत नाही. ज्याला इंग्रजीतून जग वाचता आलं, त्यानं ते परत आपल्या भाषेत आणून ज्यांना वर्गाबाहेर ठेवलं होतं त्यांच्यापुढे ठेवलं. हे भाषण मोरे ऐकत होते. त्यांच्या मनात काय आलं असेल, ते मी लिहिणार नाही. पण महाडच्या इंग्रजी शाळेच्या बाहेर एक इंग्रजीचा तास झाला, असं मला ते भाषण वाचताना वाटतं.

यानंतरची गोष्ट इतकी भारी नाही, पण आपण सगळे तिच्यातून गेलो आहोत.

विसाव्या शतकात घोकंपट्टीवर टीका व्हायला लागली. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात पर्सिव्हल रेन नावाचे एक अधिकारी होते. १९११ साली त्यांनी पुस्तक लिहून सांगितलं की मराठी-गुजराती मध्ये न आणता इंग्रजी थेट इंग्रजीतून शिकवा. हे रेन म्हणजे ‘रेन अँड मार्टिन’ व्याकरणातले रेन. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या टेबलावर आजही असतात ते. आणि हेच गृहस्थ ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या साहसकथेचे लेखक. वाळवंट, किल्ला, फ्रेंच लष्कर, तीन भाऊ. ज्या माणसाला इतकी चटकदार गोष्ट लिहिता यायची त्याचं नाव आपल्याकडे उरलं ते क्रियापदांच्या तक्त्यांवर. पूर्वेला ढाक्यात मायकेल वेस्ट वेगळा विचार करत होते. त्यांचं म्हणणं, खेड्यातल्या मुलाला साहेबाशी बोलायची संधी येणार कधी? त्याला वाचता आलं पाहिजे. मग शब्द मोजा, नेहमी लागणारे तेवढे निवडा आणि त्यांत बसणाऱ्या सोप्या गोष्टी द्या. वेस्टच्या या कल्पनेतून सोप्या इंग्रजीतल्या वाचनमाला जगभर पसरल्या. मला वेस्टचं हे फार पटतं, कारण त्यांनी गोष्ट टाकली नाही, फक्त तिच्यातली जड पोती उतरवली.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, शिक्षण खातंही त्यांच्याकडेच. १९४८ साली पाचवी ते सातवीतून इंग्रजी गेलं. आता ते आठवीपासून. भावना समजण्यासारखी होती. लहान पोरांच्या मानगुटीवरचं परक्या भाषेचं ओझं उतरवायचं होतं. परिणाम मात्र विचित्र झाला. तेरा वर्षांचा मुलगा मराठीत कादंबऱ्या वाचायचा, कीर्तन ऐकायचा, घरात शेतीच्या वाटणीवरून काय बोलणी चालली आहेत ते त्याला समजायचं. इंग्रजीच्या तासाला त्याला सांगितलं जायचं: हे पेन आहे. ते टेबल आहे. मी दाराकडे जात आहे. त्याच सुमारास वाक्यरचनांची पद्धत आली होती. एकेक रचना घ्यायची, फळ्यावर तक्ता काढायचा आणि शब्द बदलून बदलून ती घटवायची. साहित्य म्हणजे चैन, ते कॉलेजात गेल्यावर. मास्तर बिचारे खरोखर दाराकडे चालत जायचे आणि वर्ग एका सुरात सांगायचा की ते दाराकडे जात आहेत. इकडे मराठीच्या पुस्तकांत अत्र्यांच्या वाचनमालांनी आधीच जान आणली होती. त्यामुळे फरक फार उठून दिसायचा. मराठीच्या तासाला माणसं होती, इंग्रजीच्या तासाला फर्निचर.

आणि ज्यांच्या घरी इंग्रजी होतं, त्यांचं काहीच बिघडलं नाही. त्यांनी पाचवीत घरीच सुरू केलं. आठवीपर्यंत थांबणं आलं ते सव, लाडवली, पोलादपूरच्या वाट्याला. दार कुणी लावलं नव्हतं या वेळी, तीन पायऱ्या काढून घेतल्या होत्या.

२००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. निर्णय घेणारे शिक्षणमंत्री प्राध्यापक रामकृष्ण मोरे. आडनावाचा योगायोग आहे, दुसरं काही नाही, पण लक्षात राहतो. मराठी मरेल म्हणून मोठा विरोध झाला. विरोध करणाऱ्यांची कळकळ खोटी नव्हती. पण त्यांच्यापैकी अनेकांची नातवंडं तेव्हा कुठल्या माध्यमात शिकत होती, हे विचारलं की चर्चा थंडावायची. पहिलीच्या पुस्तकातून गाणी आली, चित्रांच्या गोष्टी आल्या. साहित्य मागच्या दारानं वर्गात परत आलं. परदेशातही याच काळात शिक्षणशास्त्राचे लोक, परकी भाषा शिकवताना कविता-गोष्टी वापरा, असं नव्यानं म्हणायला लागले होते. आपल्याकडच्या जुन्या मास्तरांना ऐकून मौज वाटली असती.

आता दहावीच्या बोर्डाच्या पेपरातला कवितेच्या रसग्रहणाचा प्रश्न आठवा. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो लिहिलेला आहे. कवितेचं नाव, कवीचं नाव, यमकांची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, आणि शेवटी ‘मला ही कविता का आवडते’. हे शेवटचं उत्तरही गाईडमध्ये तयार मिळतं. भाषा सोपी आहे, लय छान आहे आणि संदेश प्रेरणादायी आहे, म्हणून मला ही कविता आवडते. राज्यभरातल्या लाखो पोरांना दरवर्षी एकाच कारणासाठी एकच कविता आवडते. हॉवर्डसाहेबांनी पाठ करायला निदान कविता तरी दिली होती. आपण आवडही पाठ करून घेतो.

याचा दोष शिक्षकांवर ढकलणं सोपं आहे. पेपर तपासणाऱ्याला मुद्दे लागतात. मुद्द्यांना गुण लागतात. ज्या मुलाला खरंच एक ओळ आवडली असेल, किंवा कविता अजिबात आवडली नसेल, त्याचं प्रामाणिक पण मोडकंतोडकं उत्तर आणि गाईडमधलं शुद्ध उत्तर शेजारी ठेवलं, तर जास्त गुण कुणाला मिळतील, हे सगळ्यांना माहीत आहे. सवमधल्या मुलाकडे एकच हिशोब उरतो. त्याला नापास होणं परवडत नाही. तो गाईड पाठ करतो, पास होतो, आणि मग शहरातल्या कुठल्यातरी क्लासात फाडफाड इंग्रजीचे पैसे भरतो. तिथे त्याला पुन्हा सांगतात: हे पेन आहे.

यावर उपाय म्हणून मी इथे योजना मांडणार नाही. एक छोटीशी सूचना आहे. मोऱ्यांनी आपलं आत्मकथन मराठीत लिहायला घेतलं होतं. ते पुरं झालं नाही; पुढे त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी वडिलांचं चरित्र लिहिलं. हे सगळं अनुपमा राव यांच्या संपादनाखाली आणि वंदना सोनाळकर यांच्या भाषांतरात २०१९ साली इंग्रजीत आलं. ज्याला महाडच्या इंग्रजी शाळेत बसू दिलं नाही, त्याचं बालपण आता इंग्रजीत वाचता येतं. स्कॉलरशिपची परीक्षा, नकार, पत्र, प्रवेश. तेवढी चार-पाच पानं नववीच्या इंग्रजीच्या पुस्तकात घ्यावीत. वाक्यं फार अवघड करायची गरज नाही, वेस्टच्या पद्धतीनं थोडी हलकी करता येतील. यमक शोधायला लागणार नाही. प्रश्न एकच द्यावा: या मुलानं पत्रात काय लिहिलं असेल, ते तुमच्या इंग्रजीत लिहा. चुका झाल्या तरी गुण कापू नयेत.

एका गोष्टीचा फायदा सवच्या मुलाला नक्की होईल. धड्याखाली कठीण शब्दांचे अर्थ दिलेले असतात ना, त्यांत मुंबईच्या मुलांसाठी दासगाव म्हणजे काय ते सांगावं लागेल. त्याला ते वाचावं लागणार नाही.